थंडीची भाजी, उन्हातली पेरणी: तीन वाफ्यांच्या नोंदी

घरामागच्या मोकळ्या जागेत तीन वाफे करून थंडीतली भाजी घ्यायची, एवढंच काम. कोबी, फ्लॉवर, गाजर, मुळा, बीट, पालक, कोथिंबीर, लेट्यूस, वाटाणा आणि लसूण. गेल्या वर्षीही करून पाहिलं होतं. तेव्हा हवेत गारवा जाणवल्यावर बी टाकलं आणि कोबीची नुसती पानं वाढताना पाहत बसले. गड्डा धरायला लागला तोवर ऊन तापायला लागलं होतं. यंदा लवकर सुरुवात केली आणि रोज रात्री काय झालं ते लिहून ठेवलं. पहिल्यांदा करणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून चुकांसकट इथे देते आहे.

२४ ऑगस्ट

आज मातीला हात लावला नाही. कॅलेंडर घेऊन उलटी मोजणी केली. कोबीच्या पाकिटावर ७५ दिवस लिहिलेत. हे ७५ दिवस रोप वाफ्यात लावल्यापासूनचे आहेत, बी टाकल्यापासूनचे नाहीत. गेल्या वर्षी माझा घोळ इथेच झाला. त्यात रोप तयार व्हायचे ३० दिवस मिळवायचे. शिवाय सप्टेंबरनंतर उजेड रोज थोडा थोडा कमी होत जातो, झाड सावकाश वाढतं, त्यासाठी आणखी १४. एकूण ११९ दिवस. वर्षअखेरीला गड्डा हवा असेल तर ३ सप्टेंबरच्या आत बी पडलंच पाहिजे. म्हणजे हातात फक्त दहा दिवस आहेत, आणि बाहेर अजून घाम फुटतोय.

जिथे पाणी गोठेल इतकी थंडी पडते, तिथे ही मोजणी पहिल्यांदा दंव गोठण्याच्या अंदाजे तारखेपासून मागे करायची. हिशेब तोच.

उरलेल्या जुन्या पाकिटांची उगवण तपासायला लावली. ओल्या कागदात प्रत्येकी १० बिया, कागद गुंडाळून डब्यात. डब्यावर तारीख.

२७ ऑगस्ट

वाफे खणायला घेतले. प्रत्येकी चार फूट रुंद, दहा फूट लांब. रुंदी चारच फूट, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये.

परवाच्या पावसानंतर माती ओली होती आणि मी थांबायला तयार नव्हते. दुपारपर्यंत दोन वाफे खणून काढले. संध्याकाळपर्यंत उन्हाने ते सगळं वीटभट्टीसारखं झालं. खोऱ्याने उलटलेलं प्रत्येक ढेकूळ जसंच्या तसं कडक. हाताने फुटेना, खुरप्याच्या मुठीने ठोकलं तर तुकडे पडतात, माती होत नाही. वाफसा, म्हणजे खणण्याजोगी बेताची ओल, यायची वाट बघायला हवी होती. मूठभर माती दाबायची, गोळा झाला पाहिजे, आणि तोच गोळा बोटाने टोचला की फुटला पाहिजे. बोट आत रुतलं तर अजून ओल जास्त आहे. इतकी साधी परीक्षा मला माहीत होती, केली नाही.

३० ऑगस्ट

तीन दिवस ढेकळांत गेले. संध्याकाळी झारीने हलकं पाणी मारायचं, सकाळी वाफसा आला की दाताळ्याने फोडायचं. दुसरा वाफा कंदमुळांसाठी ठेवलाय, तिथे खोलवरची ढेकळं पूर्ण फुटली नाहीत असं वाटतंय. तिसरा वाफा वाफशावर खणला, दोन तासांत झाला.

कंपोस्टचा हिशेबही चुकला. वर दोन इंचांचा थर द्यायचा होता. तीन वाफे म्हणजे १२० चौरस फूट, त्यावर दोन इंच म्हणजे २० घनफूट, म्हणजे ५६० लिटरच्या वर. मी ३० लिटरच्या १० गोण्या आणल्या होत्या. डोळ्याला त्या ढीगभर दिसल्या, पसरल्यावर पहिला वाफा आणि दुसऱ्याचा बराचसा भाग एवढ्यातच संपल्या. तिसऱ्या वाफ्यात कोपऱ्यात साठवलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा मिसळून टाकला. थोडी शंका आली होती, पण पुन्हा फेरी मारायचा कंटाळा केला.

३१ ऑगस्ट

कागदातल्या बिया उघडल्या. मुळा १० पैकी ९, कोबी ७, गाजर २, कांदा एकही नाही. कोबी-मुळ्याचं बी नीट कोरडं ठेवलं तर तीन-चार वर्षं टिकतं, कांद्याचं वर्षभरातच खालावतं. गाजराचं नवं पाकीट आणलं. ही तपासणी केली नसती तर तीन आठवडे रिकाम्या मातीला पाणी घालत बसले असते.

१ सप्टेंबर

कोबीच्या २० आणि फ्लॉवरच्या २० बिया ट्रेमध्ये, दुसऱ्या ट्रेमध्ये लेट्यूस. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कमी पडत होतं म्हणून निम्मी बागेतली माती घातली. ट्रे भिंतीच्या आडोशाला ठेवले, वरून शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी.

५ सप्टेंबर

कोबी आणि फ्लॉवर जवळजवळ सगळे उगवले, चौथ्या दिवशी! हृदयाच्या आकाराची दोन-दोन पानं. लेट्यूसचा ट्रे काळाकुट्ट, एकही कोंब नाही.

९ सप्टेंबर

सकाळी ट्रेवरचं शेडनेट उचललं आणि पोटात कालवलं. ४० रोपांतली निम्म्याहून जास्त आडवी पडली होती. पानं अजून हिरवीगार, टवटवीत. रोप बोटाने उचललं तर मातीच्या जरा वर देठाला पाण्यात भिजल्यासारखा तपकिरी डाग, आणि तिथे देठ शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक झालेला. वरचा भाग ठणठणीत, खालची मुळं ठणठणीत, मधला अर्धा सेंटिमीटर गेलेला. संध्याकाळपर्यंत ९ रोपं उभी राहिली. कोबी ६, फ्लॉवर ३.

याला रोपं कोलमडणं म्हणतात. ओल्या मातीतली बुरशी हे करते आणि आडवं पडलेलं रोप परत उठत नाही. कारणं माझ्याच हातची. बागेतली माती घातली, तिच्यातून बुरशी आली. रोज संध्याकाळी वरून पाणी दिलं, ते रात्रभर साचून राहिलं. आडोशाच्या कोपऱ्यात वारा नाही आणि वरून शेडनेट. बुरशीला याहून जास्त काय हवं?

१० सप्टेंबर

पुन्हा ४० बिया. ट्रे साबणाच्या पाण्याने घासून कडक उन्हात वाळवला, या वेळी फक्त नवं कोकोपीट आणि थोडं गांडूळखत. ट्रे आता मोकळ्या जागी विटांवर आहेत, खालून हवा खेळते. पाणी सकाळी आणि तेही खालून: परातीत दोन बोटं पाणी, ट्रे त्यात वीस मिनिटं ठेवायचा, वरचा पृष्ठभाग ओलसर दिसला की काढायचा.

नऊ दिवस गेले. माझ्या मोजणीतली ३ सप्टेंबरची रेघ ओलांडली. वाचलेली ९ रोपं वेगळ्या कपांत हलवली आणि खडूने कपावर फुली केली. ही पहिली खेप आणि आजची दुसरी खेप शेवटपर्यंत वेगळी ठेवणार आहे, किती फरक पडतो ते बघायचंय.

१२ सप्टेंबर

लेट्यूसचं कोडं सुटलं. माती ३० अंशांच्या आसपास तापली की लेट्यूसचं बी झोपून राहतं. मेलेलं नसतं, गारव्याची वाट बघत असतं. दुपारी ट्रेमध्ये थर्मामीटर खोचला तर ३४ दाखवतोय. बी ओल्या कागदात गुंडाळून चार दिवस फ्रिजमध्ये ठेवलं आहे. मग घरातल्या सगळ्यांत गार फरशीवर ट्रे ठेवून पेरणार. बियांवर माती टाकायची नाही, त्या नुसत्या दाबायच्या. लेट्यूसला उगवायला उजेड लागतो, पहिल्या वेळी मी बोटभर खाली गाडलं होतं तेही चूकच.

१५ सप्टेंबर

दुसऱ्या वाफ्यात लांबीच्या दिशेने गाजर, बीट आणि मुळ्याच्या ओळी. तिसऱ्यात पालक आणि कोथिंबीर. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी केल्या, रात्रभर भिजवले.

काळजी गाजराची आहे. मुळा तीन-चार दिवसांत वर येतो, गाजर एक ते दोन आठवडे घेतं, आणि तेवढे सगळे दिवस वरची अर्धा इंच माती एकदाही सुकता कामा नये. या उन्हात ती दोन तासांत सुकते, वर पापुद्रा धरतो आणि गाजराचा केसासारखा कोंब तो फोडू शकत नाही. म्हणून गाजराच्या ओळींवर ओलं गोणपाट अंथरलं.

२४ सप्टेंबर

गोणपाट उचलायला दोन दिवस उशीर झाला. सातव्या दिवशी डोकावले होते तेव्हा काही नव्हतं, मग बाहेरच्या कामांत राहून गेलं. आज उचललं तर कोंब गोणपाटाच्या विणीतून आरपार गेलेले. हळू ओढलं तरी हातभर पट्टा मुळासकट वर आला. पांढरेफटक, लांब कोंब, धाग्यांना लटकलेले. एका ओळीतला जवळपास तिसरा हिस्सा गेला.

मोकळ्या पडलेल्या जागी पुन्हा बी टाकलं आणि या वेळी गोणपाट जमिनीला टेकू दिलं नाही. दोन्ही कडांना विटा, त्यावर फळी, फळीवर गोणपाट. खाली चार बोटं पोकळी राहते, ओल टिकते आणि कोंब अडकत नाहीत. पहिल्यापासून असंच करायला हवं होतं.

लेट्यूस मात्र गार फरशीवर तिसऱ्या दिवशी उगवलं. तेच पाकीट, तेच बी.

२८ सप्टेंबर

विरळणी. हे काम मला मनापासून नकोसं वाटतं आणि म्हणूनच गेल्या वर्षी मी ते अर्धवट सोडलं होतं. बीटचं एक बी म्हणजे खरं तर अनेक बियांचा घोस असतो, देशी पालकाचंही तसंच. त्यामुळे कितीही अंतर ठेवून पेरलं तरी एका जागी तीन-चार रोपं उगवतात. ती उपटली की शेजारच्या रोपाची मुळंही हलतात. कात्रीने जमिनीलगत कापत गेले. मुळा दोन इंचांवर एक, बीट तीन-चार इंचांवर, गाजर आत्ता इंचभरावर आणि नंतर दोन इंचांवर. दीड तास लागला. कापलेली कोवळी पानं धुऊन खाल्ली, वाया काही गेलं नाही.

३ ऑक्टोबर

पहिल्या खेपेची ९ रोपं पहिल्या वाफ्यात लावली. आधी आठवडाभर रोज थोडा जास्त वेळ उन्हात ठेवून त्यांना सवय लावली होती. लागवड ऊन उतरल्यावर, पहिल्या दोन पानांपर्यंत देठ मातीत, भोवती आळं करून पाणी. वाफ्यात १७ झाडं बसतात: ६, ५ आणि पुन्हा ६ अशा तीन ओळी, मधली ओळ सरकवून, दोन झाडांत ४५ सेंटिमीटर. लहान रोपांमधली ही जागा बघून तिथे आणखी काही लावायचा मोह होतो. कोबीची बाहेरची पानं पसरली की तेवढीच जागा पुरते, त्याहून कमी नाही.

४ ऑक्टोबर

तिसऱ्या वाफ्यातला पालक पिवळा पडतोय. जुनी, खालची पानं आधी. पाण्याची कमतरता नाही, कीड नाही. पहिल्या वाफ्याच्या कडेला गंमत म्हणून टाकलेला थोडा पालक गडद हिरवा आहे. तिथे कंपोस्ट आहे, इथे पालापाचोळा, फरक एवढाच. अर्धवट कुजलेला पाला मातीत मिसळला की त्याला कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र (नायट्रोजन) आधी स्वतःला घेतात, झाडाला उरत नाही. पाला मातीच्या वर आच्छादन म्हणून पसरला असता तर काही बिघडलं नसतं.

हाताने निघेल तेवढा पाला उकरून काढला, दोन ओळींमध्ये गांडूळखताची रेघ ओढली आणि पाणी दिलं. ऑगस्टमध्ये टाळलेली फेरी शेवटी आज मारावीच लागली.

६ ऑक्टोबर

सकाळी दोन कोबी जमिनीलगत कापलेले. अक्षरशः विळ्याने कापावे तसे. वरचा भाग शेजारी पडलेला, पानं खाल्लेलीही नाहीत. आधी वाटलं पक्षी.

रात्री दहा वाजता मुलीला टॉर्च धरायला घेऊन गेले. तिनेच दाखवलं, "आई, ही माती हलतेय बघ." तिसऱ्या रोपाच्या बुंध्याला गुंडाळी करून एक जाड, राखाडी अळी देठ कुरतडत होती. कापलेल्या रोपांभोवतीची माती इंचभर उकरली तर आणखी दोन निघाल्या, अंगाची गोल गुंडाळी करून पडलेल्या. दिवसा त्या मातीत असतात, रात्री वर येतात, म्हणून दिवसा बघून काही सापडत नाही. तिसरं रोपही वाचलं नाही.

उरलेल्या सहा रोपांना जाड कागदाच्या कॉलर घातल्या. पुठ्ठ्याची पट्टी गोल वळवून देठाभोवती, इंचभर मातीत आणि दोन इंच वर. अळीला देठाभोवती वेढा घालता आला नाही की ती काही करू शकत नाही. (नंतरची भर: पुढचे पाच दिवस रोज रात्री टॉर्च घेऊन फेरी मारली, एकूण ११ अळ्या वेचल्या.)

१२ ऑक्टोबर

दुसऱ्या खेपेतली ११ रोपं उरलेल्या जागी लावली, कॉलर आधीपासून घालूनच. आता पहिल्या खेपेची ६ (४ कोबी, २ फ्लॉवर) आणि दुसऱ्या खेपेची ११ (७ कोबी, ४ फ्लॉवर), एकाच वाफ्यात, एकाच मातीत. फ्लॉवरची काही रोपं ट्रेमध्ये जादा म्हणून ठेवली.

२० ऑक्टोबर

वाफ्यावर पांढरी फुलपाखरं दिवसभर. पानं उलटून बघितली तर पिवळसर, उभी, शेंगेसारखी बारीक अंडी, एकेकटी चिकटलेली. जाळी मी लागवडीच्या दिवशीच टाकली होती, पण थेट रोपांवर पसरून. पान जिथे जाळीला टेकतं तिथे फुलपाखरू जाळीच्या बाहेर बसून आतल्या पानावर अंडी घालतं. वाकणाऱ्या पाइपच्या पाच कमानी करून जाळी त्यांच्यावर ताणली, कडा मातीत दाबल्या. आत राहिलेली अंडी बोटाने पुसली. सुटलेल्यांतून हिरव्या अळ्या निघाल्या, त्यांच्यासाठी बीटी म्हणतात ती जिवाणूंची पावडर पाण्यातून फवारली. ती अळीने पानासोबत खाल्ली तरच काम करते आणि उन्हात लवकर निकामी होते, म्हणून फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला.

वाटाणा आज पेरला. वाळकाच.

२६ ऑक्टोबर

वाटाण्याच्या ओळीत नुसत्या चोचींच्या खुणा. उरलेलं बी रात्रभर भिजवून पुन्हा पेरलं आणि कोंब बोटभर होईपर्यंत जाळी टाकून ठेवणार आहे.

आज मुळे काढले आणि एक गोष्ट लक्षात आली. ओळ दहा फुटांची. लांबच्या टोकाचे मुळे मनगटाएवढे, पांढरेशुभ्र. भिंतीजवळच्या तीन-चार फुटांतले उपटले तर वर गुडघाभर पाला आणि खाली करंगळीएवढं मूळ. बी तेच, पाणी तेच, विरळणीही त्याच दिवशी केलेली. खताचा दोष असता तर उलट झालं असतं, कारण खत लांबच्या टोकालाच कमी पडलं होतं.

शेजारचे काका कुंपणापलीकडून बघत होते. म्हणाले, "अहो, तिथे आता ऊन कुठे येतंय? दुपारी बारा वाजता येऊन बघा."

बारा वाजता टेप घेऊन गेले. भिंत पाच फुटांची, वाफ्यांच्या दक्षिणेला. ऑगस्टमध्ये वाफे आखले तेव्हा दुपारची सावली पाऊण फुटाची होती, म्हणून मी भिंतीपासून फूटभर जागा सोडून वाफे आखले होते. आज सावली तीन फूट आहे. सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. सूर्य दक्षिणेकडे सरकतोय आणि २२ डिसेंबरपर्यंत सरकत राहणार, म्हणजे ही सावली अजून वाढणार. जागा मी ऑगस्टमधल्या सूर्याकडे बघून ठरवली आणि पीक हिवाळ्यातलं घेतेय.

वाफे आता हलवता येत नाहीत. पण काय कुठे लावायचं ते बदलता येतं. पालेभाजी तीन-चार तासांच्या उन्हावर निभावते, मूळ आणि गड्डा धरणाऱ्या पिकांना सहा तरी हवेत. भिंतीजवळचे मुळे काढलेल्या जागी लेट्यूस हलवलं. दुपारचं ऊन न लागल्याने त्याची पानं कडूही होणार नाहीत.

२ नोव्हेंबर

खुरपणी करताना माझ्याच खुरप्याने फ्लॉवरचं एक रोप तुटलं. ट्रेमध्ये राहिलेलं जादा रोप तिथे लावलं. आठ आठवड्यांच्या जवळ आलेलं, मुळं ट्रेच्या खाचेत गोल गोल फिरलेली.

१० नोव्हेंबर

लसूण लावला, लांबच्या उन्हाच्या टोकाला. गड्डीतल्या सगळ्यांत मोठ्या पाकळ्या निवडल्या, सालासकट, टोक वर, दोन इंच खोल, चार-चार इंचांवर. बारीक पाकळ्यांतून बारीक गड्डी येते, त्या स्वयंपाकघरात गेल्या. अर्ध्या तासाचं काम, काहीही बिघडलं नाही.

सप्टेंबरमध्ये पेरलेली कोथिंबीर मात्र फुलावर आली. उकाड्यात पेरली की ती असंच करते. आज नवी पेरली.

२२ नोव्हेंबर

कोबीच्या पानांखाली मावा (रस शोषणारे बारीक किडे), राखाडी, पिठासारखा. पहिल्या दिवशी पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुतला. दुसऱ्या दिवशी निंबोळी अर्क फवारायची तयारी केली आणि पान उलटल्यावर काळ्या अंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या मगरीसारख्या बारीक अळ्या माव्यात फिरताना दिसल्या. त्या लेडीबर्डच्या, म्हणजे ढालकिड्याच्या, अळ्या आहेत. दहा मिनिटं बघत बसले. एक मावा तोंडात धरून चोखायचा, रिकामं साल टाकायचं, पुढचा. फवारणी रद्द केली. जाळी दिवसा एका बाजूने उघडी ठेवते, फुलपाखरं आता जवळपास दिसत नाहीत.

३० नोव्हेंबर

मावा आपोआप आटोक्यात. दोन पानं खराब झाली तेवढीच.

१२ डिसेंबर

गाजर काढायला सुरुवात. लांबच्या टोकाची बरीचशी सरळ. मधल्या पट्ट्यात तीन-तीन पाय फुटलेली, पिळवटलेली. खणून बघितलं तर खाली सहा इंचांवर ऑगस्टमधली ती ढेकळं, अजून तशीच. गाजराचं मुळाचं टोक कडक वस्तूला आपटलं की ते फुटून बाजूला वळतं. नंतरच्या विरळणीत उपटलेली काही रोपं मी हौसेने मोकळ्या जागी लावली होती. त्यातलं एकही सरळ नाही, कारण उपटताना टोकच तुटतं. चवीला सगळी गोड आहेत, धुवायला आणि सोलायला मात्र दुप्पट वेळ जातो.

१८ डिसेंबर

पहिल्या खेपेचे दोन फ्लॉवर भरतायत. गड्डा लिंबाएवढा दिसला तेव्हाच आतलं मोठं पान मोडून त्यावर झाकलं होतं. एकावर झाकायचं राहिलं, तो उन्हाने पिवळसर झालाय.

२ नोव्हेंबरला लावलेल्या त्या जादा रोपाला आजच गड्डा आलाय, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा, आणि झाडाला जेमतेम आठ पानं. ट्रेमध्ये अडकून राहिलेलं रोप असंच घाईने फूल धरतं, मग ते वाढत नाही. उपटून टाकलं. त्या जागी दीड महिना दुसरं काही आलं असतं.

२९ डिसेंबर

पहिल्या खेपेचा पहिला कोबी कापला. तळहाताने दाबला तर आत पोकळी जाणवत नाही, घट्ट. सव्वा किलो. १ सप्टेंबरला पेरलेला, बरोबर ११९ दिवस. पेन्सिलीने केलेली मोजणी एका दिवसानेही चुकली नाही याचा किती आनंद झाला ते सांगता येत नाही! शेजारीच दुसऱ्या खेपेची झाडं अजून पानं मिटायच्या बेतात आहेत, दाबली तर स्पंजासारखी.

१९ जानेवारी

दुसऱ्या खेपेचा पहिला कोबी आज तयार झाला. पेरणीत अंतर ९ दिवसांचं होतं, कापणीत २१ दिवसांचं झालं. एकाच वाफ्यात, एकाच पाण्यावर. उशिरा पेरलेल्या रोपाच्या वाट्याला सप्टेंबर-ऑक्टोबरचे उजेडाचे दिवस कमी आले, आणि त्याची भरपाई डिसेंबरच्या तोकड्या दिवसांत करायला जास्त दिवस लागले. त्या एका सकाळी कोलमडलेल्या ३१ रोपांची खरी किंमत ही.

पुढच्या वर्षासाठी वहीच्या पहिल्या पानावर तारखा लिहून ठेवल्या: खणणं १५ ऑगस्टच्या आत आणि वाफशावरच, कोबी-फ्लॉवर २२ ऑगस्टला, आणि पाच दिवसांनी जादा म्हणून दुसरा ट्रे, पहिला कोलमडो न कोलमडो. वाफे भिंतीपासून सहा फूट लांब.

पहिल्या खेपेचे कोबी कापताना बुंधा उपटला नव्हता, चार खालची पानं ठेवून देठावर सुरीने फुलीसारखी खाच दिली होती. आज त्यातल्या एकाच्या कडेला चार बारीक, हिरवे डोळे फुटलेत. त्या वाफ्याचं पाणी चालू ठेवलंय.